वाटणीची भाकर

कांदा गोड लागला.

डोळ्याच्या आत अंधार नसतो. नारिंगी असतं.

बॅनरवरचा माणूस उजळ करायचा तर आधी डोळ्यांखालचं काळं काढायचं, मग कपाळ, मग मान. मान राहून गेली तर तो माणूस दोन माणसांचा जोडलेला दिसतो.

जनकाबाईला पीठ मोजायला भांडं लागत नाही.

ज्वारीच्या पिठाला वास असतो, हे ज्वारी खाणाऱ्याला कळत नाही.

भूक ही जागा आहे की आवाज?

वारंगा फाट्यावर इनायतने छोटा हत्ती टेम्पो रस्त्याकडेला घेतला तेव्हा प्रज्ञेशच्या डोळ्यांच्या बाहुल्या अजून ताणलेल्याच होत्या. सकाळी नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब टाकून त्या उघड्या केल्या होत्या, आणि आता दुपारचं सगळं ऊन कुणी न अडवता आत शिरत होतं. हॉटेलचा पत्रा, ट्रकच्या काचा, पाण्याचा जग, सगळ्यांच्या कडांना पांढरी धार आलेली. लांबचं स्पष्ट, जवळचं विरघळलेलं. रस्त्यापलीकडची पाटी वाचता येत होती, स्वतःची बोटं मात्र कुठे संपतात ते दिसत नव्हतं. या फाट्यावर लोक खिचडीसाठी थांबतात. इनायतने दोन प्लेट म्हणता म्हणता एक म्हटली आणि वेटरला सांगितलं, "इनको चार अंडे उबाल के दे. दही, और कांदा." मग बाकावर पाय वर घेऊन बसत म्हणाला, "रमजान में हमारा रोजा शाम को तो खुलता, भाऊ. तुम्हारा कब खुलेगा?" इनायत हिंगोलीत प्रज्ञेशच्या फ्लेक्सच्या दुकानासाठी लाकडी चौकटी ठोकतो आणि बॅनर खांबाला बांधतो. गाडी त्याची, आणि आज प्रज्ञेशला काही चालवता येणार नव्हतं म्हणून तो आला होता. "डॉक्टरला विचार," प्रज्ञेश म्हणाला. "डॉक्टर क्या बोला लेकिन?" डॉक्टर बोलले होते ते सरळ होतं. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्त सुटत होतं, ते थांबलंय. साखर अशीच खाली राहिली तर थांबलेलं राहील. वर गेली तर हा डोळा मी धरून ठेवू शकत नाही, आणि मग उजव्याचंही सांगता येत नाही. एवढं सांगून त्यांनी पडदाच दाखवला, संगणकावर, फोटो काढून. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो मोठे करणाऱ्या प्रज्ञेशने स्वतःच्या डोळ्याची मागची बाजू पाहिली. पिकलेल्या संत्र्याच्या रंगाचा गोल, त्यावर लाल नद्या, नद्यांना फाटे, आणि एका फाट्यापाशी शाई सांडावी तसे ठिपके. हे आपल्या आत होतं, आणि याच्यातून आपण बाकी सगळं बघत होतो. तो खुर्चीत पुढे सरकून बघत राहिला. डॉक्टरांना वाटलं, घाबरला.

तर कांदा. हाताने फोडलेला, मीठ नसलेला. त्याने एक पाकळी चावली. आधी नेहमीची ती झणक नाकात गेली, आणि तिच्या मागून, अंधाऱ्या खोलीत आधीपासून कुणी बसलेलं असावं आणि त्याने नुसतं खाकरावं, तसं गोड आलं. त्याने चावणं थांबवलं. दुसरी पाकळी घेतली. तेच. साखरेच्या पाण्यात धुतलाय की काय, म्हणून त्याने ती धूसर वाटी डोळ्यांसमोर धरली, लांब नेली. "इनायत, हा चाख." इनायतने चाखला. "कांदा है." "गोड लागून राहिला ना?" "कांदे जैसा लग रहा. तुमको क्या हो गया?" मग त्याने दही खाल्लं, ते आंबट होतं आणि आंबटाच्या तळाशी दूध होतं आणि दूध गोड होतं. अंड्याचा बलक गोड होता. क्षणभर भीती वाटली, याच्यातही आहे म्हणजे याच्यानेही चढेल. मग भीती मागे सरली आणि तिच्या जागी काहीतरी मोठं येऊन बसलं, ज्याला त्याच्याकडे शब्द नव्हता. एकेचाळीस वर्षं हा कांदा त्याने खाल्ला होता. हे त्यात तेव्हाही होतं. चहाच्या, जिलेबीच्या, बिस्किटाच्या गोंगाटात ते ऐकू आलं नव्हतं इतकंच. आणि आता सगळं बंद झाल्यावर एवढ्याशा कांद्याने तोंड उघडलं होतं. समोर इनायत खिचडी खात होता, तिची वाफ उन्हात पेटल्यासारखी वर जात होती, आणि प्रज्ञेशला त्याचा हेवा वाटत नव्हता. हेही त्याने आश्चर्याने पाहिलं, आपल्याच डोळ्याच्या फोटोसारखं.

उन्हाळ्यात हिंगोलीच्या डॉक्टरांनी रिपोर्टवर बोट ठेवून म्हटलं होतं, भाकरी बंद, पोळी, भात, साबुदाणा, बटाटा, साखर, गूळ बंद. गोळ्या ते बघून कमी-जास्त करणार होते. "मग खायचं काय?" त्याने विचारलं. "बाकी सगळं," डॉक्टर म्हणाले. बाकी सगळं म्हणजे काय हे त्याला खरोखर समजलं नव्हतं. साखऱ्याला, जिथे तो वाढला, जेवण म्हणजे भाकर. उरलेलं ते कोरड्यास. भाकरीला लावायला, असलं तर बरं, नसलं तर मिरची आहे. भाकर खाल्ली का, असं विचारतात, भाजी खाल्ली का असं कुणी कुणाला विचारत नाही. आता ताटात नुसती मेथी, नुसता चुका, अंडी, पनीर, रविवारी मटण, शेंगदाण्याचा ठेचा. मधे काहीच नाही. फ्लेक्सवर सगळे शुभेच्छुक छापून झाले आणि ज्याचा वाढदिवस त्याचाच फोटो राहिला, तसं ताट. पहिले दिवस डोकं ठणकायचं, पोटऱ्या वळायच्या, जिभेवर जुन्या नाण्याची चव यायची. गांधी चौकातून दुकानाकडे जाताना त्याला पहिल्यांदा दिसलं की शहर पिठाचं आहे. पोहे, समोसे, वडे, पाव, टोस्ट, खारी, शेव; हातगाडीपासून बेकरीपर्यंत पिठाचेच आकार, आणि त्यांच्यामधून चालणारा आपण एकटाच बिनपिठाचा. मे महिन्यात नरसीला नात्यातलं लग्न होतं. पंगतीत त्याने नुसती वांग्याची भाजी घेतली तर ग्यानबामामा थेट समोर येऊन बसला. "कोन काय बोललं तुला?" "कोनी न्हाई, मामा." "मंग भात काहून न्हाई घेतला? नवऱ्याच्या बापानं काय म्हटलं का?" "साखर हाय मला, मामा." "साखर मलाबी हाय. म्या काय लग्नात रुसून बसतो व्हय?" आणि दोन्ही घरचे लोक गोळा झाले, त्याची समजूत काढायला.

आणि मग एके सकाळी भूक गेली. हे तो कुणाला सांगू शकला नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं. पिठाची गिरणी चालू असते तेव्हा गल्लीतल्या माणसाला ती ऐकू येत नाही, पट्टा उतरला की ऐकू येते. तसं. दुकानाचं शटर अर्धं वर करून तो पायरीवर बसला आणि त्याला आतून शांतता ऐकू आली. म्हणजे इतकी वर्षं तिथे काहीतरी चालू होतं. अकराला, चारला, सातला जे कुरतडायचं, ज्याच्यापायी तो गिऱ्हाइकावर डाफरायचा, ज्याला तो मी म्हणत आला होता, ती भूक होती. ती बंद झाल्यावर उरलेला हा कोण? तो बसून राहिला. सकाळचं ऊन समोरच्या भिंतीवरून एकेक वीट उतरत होतं, त्याला प्रत्येक वीट वेगळी दिसत होती, आणि डाव्या डोळ्यात तरंगणारी काळी जाळी त्या विटांवरून सावकाश जात होती. इतकी मोठी गोष्ट अशी नाहीशी होत नाही, त्याला वाटलं. ती कुठेतरी गेली असणार. पाणी एका शेतातून मुरलं की खालच्या शेतात निघतं. तो मनाशीच हसला, शटर पूर्ण वर केलं आणि एका नगरसेवकाच्या मानेवरच्या सुरकुत्या पुसायला बसला.

आई. जनकाबाईने पहिला आठवडा भांडून काढला. "नुसतं कोरड्यास खाऊन माणूस जगतं का? ढोरंसुदा कडबा खातेत." ती सुनेवर, पल्लवीवर घसरली, डॉक्टरवर घसरली, मोबाइलमध्ये जे काय सांगतात त्यांच्यावर घसरली. मग एक दिवस ती गप्प झाली. प्रज्ञेशला वाटलं, पटलं. पल्लवीला वाटलं, थकल्या. आई दिवेलागणीलाच जेवते, साखऱ्याची सवय. पल्लवी त्या वेळी पलीकडच्या गल्लीत पोरांच्या शिकवण्या घेते, प्रज्ञेश नऊपर्यंत दुकानात. त्यामुळे ओट्यापाशी आई त्या वेळेला एकटी असते. टोपलीत फडक्याखाली पल्लवीपुरत्या भाकरी असतात. आईच्या तोंडावर हल्ली तकाकी आली होती आणि ती फार पाणी पिते, रात्री तीनतीनदा उठते, हे सगळ्यांनी पाहिलं होतं, पाहावं तसं पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी नांदेडहून परतल्यावर या ताणलेल्या बाहुल्या घेऊन दुकानात बसण्यात अर्थ नव्हता. स्क्रीनचा नुसता पांढरा जाळ झाला असता. इनायतने त्याला घरापाशी सोडलं तेव्हा दिवे लागत होते. दार लोटलेलं होतं. चप्पल काढता काढता तो थांबला, कारण बाहेरच्या खोलीच्या दारातून स्वयंपाकघर लांब होतं, आणि लांबचं त्याला आज फार स्पष्ट दिसत होतं. आई जमिनीवर पाट न घेता बसली होती, तिच्यासमोर तिचं ताट होतं आणि त्यात शेवटचा घास होता. तो तिने खाल्ला. ताटातच हात धुतला, पाणी प्यायली, ताट मोरीत ठेवलं. म्हणजे झालं जेवण. मग तिने मांडणीवरून दुसरं ताट काढलं. त्यावर त्याचं नाव कोरलेलं होतं, लग्नात मिळालेलं, काठाला चिरा गेलेलं. टोपलीतून दोन भाकरी घेतल्या. कढईतलं कालवण वाढलं. कांदा घेतला, जमिनीवर ठेवला आणि मुठीने फोडला. आई कधी कांदा मुठीने फोडत नाही, तिला दातांचा त्रास आहे, ती कांदा खातच नाही. मुठीने फोडायचा तो प्रज्ञेश. भाकरीचा पापुद्रा तिने आधी काढून बाजूला ठेवला, शेवटी तेल-तिखट लावून खायला, जसा तो ठेवायचा, पोरगा होता तेव्हापासून. आणि ती खाऊ लागली. मोठे घास, मान खाली, भराभर, तोंडात घास असतानाच पुढचा मोडत. प्रज्ञेश दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. आपण जेवतो कसे हे माणसाला कधी दिसत नाही. तो स्वतःला जेवताना पाहत होता. तिच्या अंगात तो बसला होता आणि जेवत होता, आणि इथे दारात, भूक नसलेला, हलका, कोण उभा होता ते त्याला सांगता आलं नसतं.

तो जवळ गेला. जवळ गेल्यावर तिचा चेहरा विरघळला.

"आई, काय करून राहिलीस?"

"जेवून राहिले. तू काहून आला आज लवकर? डोळ्याचं काय म्हणले?"

"आत्ताच जेवलीस ना तू."

"ती माझी जेवले." तिने घास गिळला. "ही तुझी."

"कवापासून?"

"तू सोडली तवापासून."

"काहून पण?"

"काहून म्हंजे? तू घरात हाईस. तुझं पीठ कसं कमी घेऊ? अन् केलेली भाकर काय उकिरड्यावर टाकू?" मग तिने मान वर केली असावी, कारण त्या धूसर गोलात दोन ओले ठिपके चमकले. "खरं सांग. तुला भूक लागून राहिली का?"

"न्हाई."

"मंग," आई म्हणाली.

त्या एका शब्दावर तो खाली बसला. त्याच्या डोक्यात डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं होतं, शरीर साखर सोडून चरबी जाळायला लागतं, मग भूक मंदावते, ते बरोबरच होतं, त्याने ते वाचलंही होतं. पण ते सगळं बाजूला उभं राहिलं, पाहुण्यासारखं. गेलेली भूक कुठे गेली हे त्याने पायरीवर बसून गमतीने विचारलं होतं, आणि ती तर रोज दिवेलागणीला इथे, त्याच्याच ताटात, त्याच्याच पद्धतीने कांदा फोडून बसत होती. त्याला आता तिचं रात्रीचं उठणं ऐकू आलं, माठावरच्या झाकणाचा आवाज, पुन्हा पुन्हा. त्याने कपाटातून साखर मोजायचं यंत्र काढलं. पट्टी त्याला दिसेना, चाचपडत बसवली. "आन हात." तिने मतदानाला द्यावं तसं बोट पुढे केलं. आकडा जवळून वाचता येईना. यंत्र हातभर लांब धरल्यावर आला.

"किती?"

"तीनशे ऐंशी."

"तुझी किती व्हती येरवाळी, सकाळच्याला?"

"एकशे बारा."

"मंग बराबर हाय," ती म्हणाली. "दोघाची माझ्यात आली." आणि उरलेला पापुद्रा तिने तेल लावून गुंडाळला.

"ठेव ते. आई, ठेव. याच्यानं डोळे जातेत."

"माझ्या डोळ्याला काय धाड भरली? तुझा राहिला ना?"

"राहिला."

ती पापुद्रा हातात धरून बसली. खाल्ला नाही, खालीही ठेवला नाही. तेवढ्यात पल्लवी आली, पिशवी खुंटीला लावता लावता दोघांकडे, ताटाकडे, यंत्राकडे बघून सगळं समजली, आणि तिच्या तोंडून आधी निघालं ते हेच, "अन् मी म्हणून राहिले, घरात उंदीर झाले. एक माणूस भाकर खाईना अन् दळण पुरंना."

"उंदीर मीच," आई म्हणाली, आणि तिघंही हसले, मग पल्लवीने यंत्रावरचा आकडा वाचला आणि तिचं हसू थांबलं. "आत्याबाई, सकाळी डॉक्टरकडं. अन् उद्यापासून तुमचीबी भाकर बंद."

"माझी कर बंद," आई शांतपणे म्हणाली. "आजपासून कर. मला काय त्याचं? त्याची कशी बंद करशील?"

प्रज्ञेशला कळलं की ही हट्टाची गोष्ट नाही. आई स्वतःचं पोट एका शब्दात सोडायला तयार होती, त्याचं नाही. आणि त्याचंच तिला मारत होतं. "पीठ कमी घेतलं तर काय व्हईल?" त्याने विचारलं. तिने बोटाला लागलेलं रक्त पदराला पुसलं. "माणूस जातं तवा पीठ कमी व्हतं," ती म्हणाली. "आपोआप व्हतं ते. आपुन करत न्हाई. जित्या माणसाचं मी माझ्या हातानं कमी करू? सांग तूच." बाहेर कुणाच्या तरी दारात गाडी लागत होती, तिचा दिवा खिडकीतून भिंतीवर फिरला, आणि त्याच्या उघड्या डोळ्यांत ती सगळी भिंत, डबे, ताटं, आई, पेटून पुन्हा विझली.

सकाळी आईला गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी तिलाही तेच सांगितलं, तिने मान डोलावली, त्यांना चहा घेता का विचारलं. संध्याकाळी प्रज्ञेशने इनायतला दुकानात बसवलं आणि दिवेलागणीला घरी आला. आईने परात घेतली होती. तो ओट्याला टेकून खाली बसला. आज त्याला जवळचं दिसत होतं. तिच्या तळहातावरच्या रेघांमध्ये पीठ होतं, फार जुनं, कितीही धुतलं तरी न निघणारं वाटावं असं. तिने डब्यात हात घातला, ओंजळ भरली, परातीत सोडली, पुन्हा भरली, पुन्हा सोडली. हात मोजत होता, ती नव्हती मोजत. मग परातीतल्या ढिगावर तिचा हात थांबला.

"हितं बस," ती म्हणाली, तो बसलेलाच होता. "दिव्याखाली. दिसू दे मला."

तो सरकला.

"बोल कायतरी."

"काय बोलू?"

"कायबी. आवाज येऊ दे."

मग तो सकाळी छापलेल्या बॅनरवरचे शुभेच्छुक म्हणू लागला, जसे ओळीने होते तसे. लालसिंग राठोड. राहिल पटेल. रविंद्र मुटकुळे मित्रमंडळ. कान्हेगावचे समस्त गावकरी. तो म्हणत गेला, आई ऐकत होती, तिचे डोळे त्याच्या तोंडावर होते आणि हात पिठात. एका नावाला तिने मूठ मिटली. ती मूठ वर आली, डब्यापर्यंत गेली, डब्यावर तशीच मिटलेली राहिली. तो थांबला नाही. नावं संपली तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, एवढंच त्याला कळत होतं. बोटांच्या फटींतून आधी थोडं पीठ निसटलं, दिव्याच्या उजेडात धुरासारखं खाली गेलं. मग मूठ उघडली. पीठ डब्यातल्या पिठावर पडलं, त्याचा आवाज झाला नाही. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो होता. अजून होता, शुभेच्छुक म्हणत. तिने दुसरी मूठ उचलली.

प्रज्ञेशचे वडील उत्तमराव परभणीच्या दवाखान्यात दुपारी वारले. निरोप साखऱ्याला शेवटच्या गाडीने आला, तोवर आईने त्यांचंही पीठ धरून भाकरी केल्या होत्या. त्यांच्या वाटणीची प्रज्ञेशने खाल्ली. तेव्हा तो सात वर्षांचा होता.